रुपाला टेन्शन द्यायचं नाही

प्रकाशा गावात सुंदरबाईंचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. त्या अंगणात उभ्या राहून भाजीवाल्याला धारेवर धरायच्या आणि तिकडे तापीच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायांना कळायचं, आज वांगी किडकी निघालेली दिसतात. अशी ही बाई गेले काही महिने कुजबुजत बोलत होती. दूध उतू गेलं तरी कुजबुज, मांजरानं तूप चाटलं तरी कुजबुज. शेजारणीला वाटलं घसा बसला, म्हणून तिनं आल्याचा काढा आणून दिला. सुंदरबाईंनी तो निमूटपणे पिऊन टाकला, कारण खरं कारण सांगायची त्यांना सक्त बंदी होती.

त्यांची सून रुपा पोटुशी होती आणि तिला अजिबात टेन्शन द्यायचं नाही, असा हुकूम हेमकांतनं काढला होता. हेमकांत म्हणजे सुंदरबाईंचा मुलगा, रुपाचा नवरा, शहाद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारा. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. अर्धं वाचलेलंसुद्धा तो पुऱ्या ताकदीनं शिकवायचा.

सुरुवात रुपाच्याच एका प्रश्नानं झाली होती. दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली होती. ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठावंसं वाटत नव्हतं, केलेला चहा समोर निवून जायचा आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायलाही जीव थकायचा. हेमकांतनं वेळ न घालवता तिला नंदुरबारला मनाच्या डॉक्टर जियांकडे नेलं. गोळ्या झाल्या, बोलणं झालं, हळूहळू रुपा बरी झाली आणि पुढे डॉक्टरांनीच गोळ्या थांबवल्या. पण दिवस राहिल्यावर तिच्या मनात एक किडा वळवळायला लागला. एका संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं,

"मन्ही मायले व्हतं, माले जयं. मन्हा पोरलेबी व्हई का हो?"

कुठल्याही शहाण्या नवऱ्यानं ताबडतोब "नही" म्हणून विषय मिटवला असता. हेमकांत म्हणाला, "देखीसन सांगस."

मग तो वाचत सुटला. मोबाइलवर वाचलं, शाळेतल्या कॉम्प्युटरवर वाचलं आणि एके दिवशी स्वयंपाकघरात बसून त्यानं आईला सगळं समजावलं. मधल्या खोलीत रुपा झोपलीय, असं दोघांना वाटत होतं. ती टक्क जागी होती.

"बी बदलस नही, माय. वावर तेच ऱ्हास," हेमकांत सांगत होता. "पन कोनता वाफाले पानी जाई नि कोनता कोरडा ऱ्हाई, हाई पाटना दारवर ऱ्हास ना? तसंच शे. बाईले मोठं दुःख जयं की शरीर काही दारे माती टाकीसन बुजी टाकस. पोटमा पोर ऱ्हायनं ते त्यानीबी बुजाई जातस. एपिजेनेटिक्स म्हंतस याले."

"मंग आते?"

"मंग काय! तिले टेन्शन देवानं नही."

तो शब्द सुंदरबाईंच्या जिभेवर काही बसला नाही, पण अर्थ त्यांनी आपल्या परीनं नीट लावला. ग्रहणात पोटुशीनं विळी धरायची नाही, बाहेर पडायचं नाही, हे त्या जन्मभर पाळत आल्या होत्या. हे त्यातलंच एक, फक्त हे ग्रहण बाळंत होईपर्यंत सुटणारं नव्हतं. त्या कंबर कसून कामाला लागल्या. टीव्हीवरच्या रडक्या मालिका बंद. बातम्या बंद. भाजीवाल्याशी भांडण बंद. कोरीटचे एक चुलतसासरे वारले, तर सुंदरबाई दारावर बसायला गेल्या त्या जरीकाठी साडी नेसून, आणि परत येऊन सुनेला म्हणाल्या की लगीन फार झकास झालं. डोळे मात्र रडून रडून लाल झालेले. रुपानं काही विचारलं नाही.

विचारलं नाही, पण तिचं मन स्वस्थ बसलं नव्हतं. त्या दिवशी मधल्या खोलीत पडल्या पडल्याच तिनं सगळे धागे जुळवले होते.

रुपाचं माहेर सारंगखेडा. वडील भटू पाटील शेती सांभाळून दारी घोड्या पाळायचे. आई छबूबाई. रुपा पोटात असताना छबूबाईंचा धाकटा भाऊ नदीत बुडाला. तेव्हापासून ती बाई जी ओट्यावर बसली, ती जणू बसूनच राहिली. रुपा जन्मली तेव्हा तिनं पोरीला जवळसुद्धा घेतलं नाही. शेजारच्या धनुबाईनं तेल लावलं, न्हाऊ घातलं, शेक दिला. पुढे छबूबाई भाकऱ्या थापायची, घोड्यांना चारा टाकायची, सगळं करायची, पण तिची नजर कुणावर टेकत नसे. शाळेत पहिला नंबर आल्याचं रुपा धावत सांगायला यायची आणि आई तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत "बरं" म्हणायची. त्या एका "बरं"चं रुपाला अजूनही वाईट वाटायचं.

म्हणजे मामाच्या दुःखानं आईची दारं बुजली, आईची बुजली म्हणून माझी बुजली, आणि आता माझ्या पोटातल्याची बुजणार. रुपाचा हिशेब पक्का झाला. त्यातून तिनं एक गोष्ट मनाशी ठरवून टाकली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत होती. ती हेमकांतला म्हणाली, "मी माहेरले जावाव नही. आठेच करूत." कारण तिनं सांगितलं नाही. कारण असं होतं की तिला आपलं बाळ आईच्या मांडीवर द्यायचं नव्हतं. त्या न टेकणाऱ्या नजरेखाली आपलं पोर पडावं हे तिला सोसवत नव्हतं. आईवर तिचा जीव होता, म्हणून तर या विचाराची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटूनही विचार काही जायचा नाही.

हेमकांतनं सासऱ्यांना तसा निरोप दिला. त्यानंतर सारंगखेड्याकडून वेगळंच काही सुरू झालं. रुपा फोन करायची तर वडील उचलायचे.

"माय कोठे शे?"

"माय ना... देऊळमा गयी बेटा."

रुपा जन्मल्यापासून छबूबाई देवळाची पायरी चढली नव्हती. दुसऱ्यांदा विचारलं तर "निजेल शे", तिसऱ्यांदा "वावरमा गयी". हेमकांत सासऱ्यांशी बोलत असायचा आणि रुपा आली की एकदम पावसापाण्यावर घसरायचा, तेही भर हिवाळ्यात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. पाटावर बसलेली रुपा दाराकडे बघत राहिली. वडील एकटेच आले, हिरवी साडी घेऊन.

"तिले सर्दी जयी शे," भटू पाटील म्हणाले, आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे स्वतःच खोकले. सुंदरबाईंच्या हातून ताट पडलं. हेमकांतनं घाईघाईनं गाणं लावलं.

लेकीच्या डोहाळजेवणाला सर्दीमुळे न येणारी आई जगात नाही, छबूबाईसुद्धा नाही. त्या दिवसापासून रुपाची झोप उडाली. आईनं जिवाचं काही करून घेतलं असेल आणि मला टेन्शन नको म्हणून सगळे गप्प आहेत, असं तिला वाटायला लागलं, आणि ते वाटणं दर दिवशी थोडं आणखी खरं होत गेलं. विचारायची छाती होत नव्हती. विचारलं आणि कुणी "हो" म्हणालं तर? एका सकाळी तिच्या लक्षात आलं, समोरचा चहा निवून गेलाय आणि त्यावर साय धरलीय. ही साय तिच्या ओळखीची होती. ती घाबरून उठली, पदर नीट केला आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, केदारेश्वरले जाई येस."

देवळाकडे न वळता ती सरळ बसस्टँडवर गेली. शहाद्याची बस धरायची, तिथून सारंगखेडा, आणि जे असेल ते डोळ्यांनी बघायचं.

सुंदरबाई शाल घेऊन मागोमाग निघाल्या होत्या, नदीवर वारं असतं म्हणून. देवळाच्या वाटेवर सून दिसेना. दिसली ती स्टँडवर, एका हातानं खांब धरून उभी. आणि मग काही महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"कोठे निंघनी वं? कोठे निंघनी? सातवा सरीसन आठवा लागना, आनि हाई बाई एकलीच यष्टी धरी ऱ्हायनी! बसमा धक्का लागना ते कोन जिम्मेदार? कालदिनपाईन पोटमा दोन घास नहीत तुन्हा, माले काय दिसस नही का? देवना नाव सांगीसन खोटं बोलनी, अं?"

अख्खा स्टँड वळून बघायला लागला. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. आणि रुपाला काय झालं कुणास ठाऊक, तो ओळखीचा, कडकडीत, धडधाकट आवाज कानावर आला आणि तिला रडूच फुटलं. कितीतरी दिवसांनी त्या घरातलं कुणी तिच्याशी खरं बोललं होतं.

"आत्याबाई," ती हुंदके देत म्हणाली, "एकदाव सांगी टाका. मन्ही माय जित्ती शे ना?"

सुंदरबाईंनी कपाळावर हात मारला.

"जित्ती? अवं येडी, इतला वरीसमा आतेच ते जित्ती जयी ती! नंदुरबारले जास तुन्ही माय. जिया डॉक्टरकडे, तुन्हाच डॉक्टरकडे. दर गुरुवारले. गोळ्या खास, बोलस, आते ते हाससबी म्हने. हेमकांत म्हने, रुपाले समजनं की मायना डोकाना इलाज चालू शे, ते तिले टेन्शन ई. बठा जन मुका जयात. मन्हा ते जीव जाई ऱ्हायन्ता वं माय, गप बठीसन!"

रुपा खाली दगडी पारावर बसली. छातीवरचं ओझं उतरलं होतं. आई होती. देवळात नाही, वावरात नाही, नदीत नाही. डॉक्टरकडे होती.

"आज गुरुवार शे," ती म्हणाली.

"मंग?" सुंदरबाई म्हणाल्या. समोरून नंदुरबारची बस येत होती. त्यांनी शाल सुनेच्या खांद्यावर टाकली, हात वर करून अशी हाक मारली की ड्रायव्हरनं स्टँडच्या अलीकडेच ब्रेक लावला.

वाटेत सुंदरबाईंनी साठलेलं सगळं सांगून टाकलं. कोरीटचे चुलतसासरे कसे गेले, मांजरानं किती तूप खाल्लं, शेजारणीचा काढा किती कडू होता. रुपा ऐकता ऐकता त्यांच्या खांद्यावर झोपली. नंदुरबारजवळ वाळत घातलेल्या मिरच्यांच्या ठसक्यानं गाडीभर शिंका सुरू झाल्या, तेव्हा कुठे तिला जाग आली.

डॉक्टर जियांचा दवाखाना त्यांच्या आजोबांच्या, चांदमलशेठच्या कापडदुकानाच्या वर होता. याचा एक मोठा फायदा होता. वर जाणाऱ्या बाया गावात सांगू शकायच्या की कापड घ्यायला गेले होते. त्यासाठी परतताना त्या एखादा खण नाहीतर परकराचं कापड घ्यायच्याच, त्यामुळे चांदमलशेठही नातीच्या धंद्यावर खूश होते.

वरच्या बाकावर भटू पाटील बसले होते आणि शेजारी छबूबाई. इस्त्रीची साडी, चापून घातलेला अंबाडा, मांडीवर कापडी पिशवी. जिन्यात पावलं वाजली तशी तिनं मान वळवली. तिची नजर रुपावर आली आणि तिथंच टेकली. पलीकडे गेली नाही. रुपा दारातच थबकली. आयुष्यभर जिची वाट बघितली ती गोष्ट अशी पटकन घडेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"किती सुकनी वं तू," छबूबाई म्हणाली. "जेवस नही का?"

"हाईच सांगी ऱ्हायनी मी तिले!" सुंदरबाई म्हणाल्या, आणि आत बसलेला पेशंट दचकला.

रुपा आईशेजारी बसली. तिनं तेच विचारलं जे टोचत होतं. "मन्हा डोहाळजेवनले काबर नही उनी?"

छबूबाईनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "तू बाळंतपनले येत नही म्हनी. माले समजनं काबर ते. राग नही उना, बेटा. माले वाटनं, पोर बरोबर शे. तू जनमनी तव्हय मी तुले हात लावा नही. धनुबाईनी न्हाडं तुले. मंग मी तुन्हा बापले म्हने, चाल, माले डॉक्टरकडे ली चाल. तुन्हा पोरले लेवाले मन्हा हात तयार व्हवाले पाहिजे. ते व्हतस तोपावत तुन्हा पोटले हात लावाना नही, असं मीच ठरायं."

"रोज सकाळे शिंगरूले खरारा करस ती," भटू पाटील मध्येच म्हणाले. यंदा त्यांच्या घोडीला शिंगरू झालं होतं. "डॉक्टरनी सांगं, हातले काम द्या. आते ते शिंगरू घोडीले सोडीसन हिन्हाच मांगे फिरस. धनुबाई ओटावर बठीसन शिकाडस, कसं चोळानं, कसं धरानं. शिंगरूवर प्रॅक्टिस चालू शे आमनी."

रुपाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. आई आपल्याला कळत नाही असं तिनं धरून ठेवलं होतं. आईला तर न सांगता सगळं कळलं होतं.

आत बोलावलं तेव्हा चौघंही आत गेली. डॉक्टर जियांनी आधी छबूबाईला विचारलं, "मावशी, सगळ्यांसमोर बोललं तर चालेल ना?" छबूबाईनं मान हलवली. मग रुपानं उडालेल्या झोपेचं, निवलेल्या चहाचं सांगितलं आणि हेमकांतची दारांची गोष्ट जशीच्या तशी ऐकवली. आईची बुजली, माझी बुजली, आता बाळाची.

डॉक्टर जिया ऐकता ऐकता हसल्या. "सरांनी उदाहरण छान दिलं. फक्त अर्धंच सांगितलं. वावरात दार मातीचं का करतात? सिमेंटचं का नाही करत?"

"उघाडता येवाले पाहिजे म्हनीसन," भटू पाटील म्हणाले. शेतकऱ्याला त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"तसंच. शरीरावरच्या या खुणा बऱ्याचदा बदलू शकतात. उंदरांवर प्रयोग झालेत. आईनं चाटून, जवळ घेऊन वाढवलेली पिल्लं कमी भित्री निघाली. भित्र्या आईची पिल्लं मायाळू आईकडे दिली, तर तीही धीट झाली. आता माणूस काही उंदीर नाही. माणसांबाबत हे शास्त्र अजून रांगतंय, त्यामुळे तुझ्या बाळाचं पुढे असंच होईल, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही नाही आणि सरही नाहीत. आजार घरात चालत येण्याचा धोका थोडा असतो, पण धोका म्हणजे निकाल नव्हे. तू बरी झालीस ना? मावशी होतायत ना?"

"आनि टेन्शन?" सुंदरबाईंनी विचारलं. विचारताना त्या पुन्हा कुजबुजायला लागल्या होत्या.

"आजी, घरात भांडण झालं, कुणी वारलं, सून दोन टिपं रडली, यानं बाळाचं काही बिघडत नाही. तुम्ही खुशाल मोठ्यानं बोला. मला काळजी आहे ती वेगळी. रुपा, झोप नाही, खाणं नाही, भीती एकटीनं गिळतेयस, हे तू मला पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतंस. आता दर महिन्याला यायचं. गरज पडली तर पोटुशीलाही चालतील असे उपाय आहेत. घाबरायचं नाही."

सुंदरबाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले.

बाहेर आल्यावर छबूबाईनं पिशवी उघडली. आत खण होते, हिरवे, लाल, मोरपंखी. दर गुरुवारी कापड घ्यायला जाते म्हणून सांगायचं, तर कापड घ्यावं लागायचं. एकेका खेपेला एकेक खण साठत गेला होता.

"ओटी भरानी ऱ्हायनी मन्ही," ती म्हणाली. "भरू का?"

भटू पाटील धावत खाली गेले आणि समोरच्या किराण्यातून नारळ आणि तांदूळ घेऊन आले. हळदकुंकू चांदमलशेठच्या गल्ल्यावर होतंच. रुपा दवाखान्याच्या बाकावर बसली आणि तिनं पदर पसरला. छबूबाई ओंजळीनं तांदूळ घालत गेली, खण ठेवले, नारळ ठेवला. मग थोडी थांबली आणि तिनं लेकीच्या पोटावर हात टेकवला. हात गरम होता, खरखरीत होता आणि त्याला घोड्याचा वास येत होता. रुपानं तो दोन्ही हातांनी दाबून धरला. तपासणीसाठी थांबलेल्या दोन बाया डोळे पुसत होत्या, आणि सुंदरबाई सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विहिणीला सांगत होत्या की नारळाची शेंडी उलटी झालीय.

परतीची बस सगळ्यांची एकच होती. पूल ओलांडून गाडी प्रकाशाला थांबली तेव्हा हेमकांत स्टँडवर येरझाऱ्या घालत होता, चेहरा पांढराफटक. "प्रकाशावाला उतरा!" कंडक्टर ओरडला. सुंदरबाई उतरल्या. रुपा जागची हलली नाही.

हेमकांत खिडकीपाशी आला. "काय जयं? तुले काही तरास ते नही ना?" तो हळूच म्हणाला.

"काही नही. मी सारंगखेडाले जास. बाळंतपन तठेच करसू," रुपा म्हणाली. "आनि आते मोठा आवाजमा बोलत जा. त्या दारे मातीना ऱ्हातस, मास्तर. हाई तुम्ही सांगंच नही."

हेमकांतच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्याला आणखी काही विचारायचं होतं, पण मागून सुंदरबाईंनी त्याचा ताबा घेतला होता. काय ते एपि-बिपि, मन्हा घसा सुकाडी टाका तुनी, सूनले उपाशी मारी टाकता तुम्ही शिकेल लोके. मध्येच त्या बसकडे वळून ओरडायच्या, कपडे उद्या धाडते, मेथीचे लाडू धाडते, पायाखालचं बघून चाल. बस निघाली, वळणावर आली, तरी तो आवाज खिडकीतून आत येतच होता.

छबूबाई मान कलती करून ऐकत होती. "तुन्ही सासू कायम अशीच बोलस का?"

"हां," रुपा म्हणाली. "कायम."

"चांगलं शे," छबूबाई म्हणाली, आणि तिनं लेकीच्या पदरातून निसटलेले तांदूळ वेचून परत ओटीत टाकले.